सेल बसला म्हणजे चार्जर चालला, असं नाही

माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात चार्जर घेणारा गिऱ्हाईक पहिलं विचारतो, "यात आमचे सेल बसतील ना?" बसतात, आणि धोका तिथेच सुरू होतो. आपण पेन्सिल सेल म्हणतो तो 'डबल ए' हे नुसतं माप आहे: जाडी सुमारे १४ मिलिमीटर, लांबी ५०. या मापात अल्कलाइन सेल येतो, निकेल-कॅडमियम येतो, निकेल-मेटल हायड्राइड येतो आणि '१४५००' छापलेला लिथियम-आयनही येतो. बाहेरून सगळे भाऊभाऊ, आतलं रसायन मात्र वेगळं.

म्हणून मी आधी सेलवरचा व्होल्टेज वाचायला लावतो. १.२ लिहिलं असेल तर तो निकेलचा. ३.६ किंवा ३.७ असेल तर लिथियम-आयन, आणि तो साधारणपणे ४.२ व्होल्टला भरतो. त्याचा चार्जर बरोबर त्या आकड्यावर थांबावा लागतो. निकेलच्या चार्जरला हे थांबणं ठाऊकच नसतं, त्यामुळे त्यात लिथियम घालणं म्हणजे आगीशी खेळ. उलट केलंत, तर निकेलचा सेल तापून गळू शकतो. अल्कलाइन तर कुठल्याच साध्या चार्जरमध्ये घालू नये.

निकेलच्या दोन प्रकारांतही फरक आहे. सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, आणि हुशार चार्जर त्या उतारावरूनच थांबतो. कॅडमियममध्ये हा उतार ठळक असतो, हायड्राइडमध्ये अगदी बारीक. त्यामुळे फक्त कॅडमियमसाठी बनवलेला जुना जलद चार्जर हायड्राइडचा सेल भरल्यावरही करंट देत राहू शकतो. सेल हाताला चटका देण्याइतका तापला, तर काढून घ्या.

स्वस्त चार्जरमध्ये बहुधा असं काही ओळखणारं नसतंच, घड्याळ आपल्यालाच लावावं लागतं. २००० एमएएचचा सेल आणि २०० मिलिअँपिअरचा चार्जर असेल तर भागाकार दहा तास सांगतो. पण काही वीज उष्णतेत जाते, म्हणून पूर्ण रिकामा सेल भरायला चौदा ते सोळा तास धरावे लागतात. त्याच चार्जरमध्ये ८०० एमएएचचा बारका 'ट्रिपल ए' त्याच करंटवर रात्रभर ठेवला, तर तो बिचारा खराब होतो.

माझं मत विचाराल तर थोडे जास्त पैसे घाला आणि प्रत्येक खाच स्वतंत्रपणे तपासणारा चार्जर घ्या. जोडीनेच चार्ज करणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल अर्धा आणि दुसरा रिकामा असला, तर एक जास्त भरतो, दुसरा उपाशी राहतो. तसा चार्जर घरात असेलच, तर एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे सेल जोडीने ठेवा. मी गिऱ्हाइकाला सेल देतानाच दोन्हींवर मार्करने एकच अक्षर लिहून देतो. बीपीच्या मशीनमधून जी जोडी निघाली, तीच चार्जरमध्ये जाते.