वकीलपत्र साऱ्या गावाचे

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, त्या वेळी तिच्या सभासदत्वास जी अट घालण्यात आली, ती आजच्या संस्थाचालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. वर्गणी भरली, नाव नोंदविले आणि सभासद झाले, इतके ते काम सोपे नव्हते. किमान पन्नास जाणत्या वयाच्या माणसांनी ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही यांस दिला आहे’ असा सह्यांनिशी मुखत्यारनामा करून दिल्यावाचून कोणासही त्या सभेत बसता येत नसे. आरंभीच्या ९५ सभासदांनी आणलेल्या अशा मुखत्यारनाम्यांवर सुमारे ६००० लोकांच्या सह्या होत्या. मताधिकार, मतपेटी वा लोकनियुक्त विधिमंडळ यांपैकी कशाचाही मागमूस ज्या काळी या देशात नव्हता, त्या काळी ही कल्पना ज्यांच्या पुढाकाराने रुजली ते गणेश वासुदेव जोशी व्यवसायाने वकील होते, आणि त्यांच्या सार्वजनिक चरित्राची किल्ली मला या एका अटीतच सापडते.

जोशांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. तरुणपणी सरकारी कचेरीत कारकुनी करून, पुढे पुण्यास स्थायिक झाल्यावर वकिलीची परीक्षा देऊन १८६५ च्या सुमारास त्यांनी सनद मिळविली. तो काळ न्यायव्यवस्थेच्या मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८६० चा दंडविधीचा कायदा आणि त्यापाठोपाठची फौजदारी कार्यपद्धती १८६२ च्या आरंभी अमलात आली होती, त्याच वर्षी मुंबईस हायकोर्ट स्थापन झाले होते, आणि पुराव्याचा कायदा यावयास अजून दहा वर्षांचा अवधी होता. गावच्या पंचायतीत चार वडीलधाऱ्यांसमोर आपली हकीकत आपणच सांगण्याची सवय असलेल्या रयतेला, मुद्रांकित कागद, समन्स, मुदत, जबानी आणि हुकूमनामा यांच्या या नव्या जगात वाट दाखवील असा माणूस हवा होता, आणि तो माणूस म्हणजे वकील. अक्षरशत्रू कुणबी दस्तऐवजावर नांगराची आकृती काढून निशाणी करी व शेजारी दुसऱ्या कोणाच्या ‘हस्ते’ त्याचे नाव लिहिले जाई. त्या एका निशाणीच्या बळावर त्याचे शेत, त्याचे बैल आणि कित्येकदा त्याची अब्रू वकिलाच्या स्वाधीन होत असे. हा विश्वास जो ओळखतो तो वकील पक्षकाराच्या अधिकाराबाहेर एक शब्दही बोलत नाही, आणि त्या अधिकाराच्या आत एक शब्दही राखून ठेवीत नाही. जोशांनी हीच शिस्त कोर्टाच्या आवारातून उचलून साऱ्या शहराच्या कारभारास लावली.

सभेच्या जन्माचे निमित्तही एका तक्रारीचेच होते. पेशवाई गेल्यावर पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार ज्या पंचांकडे होता त्यांच्या व्यवस्थेविषयी लोकांत असंतोष होता, आणि ती तक्रार सरकारदरबारी मांडावी कोणी व कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न होता. मुखत्यारनाम्याच्या कल्पनेने त्याला उत्तर मिळाले. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले, पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यास आले आणि सभेला विचारांची खोली लाभली. पण रोजची पायपीट, पत्रव्यवहार, लोकांना गोळा करणे आणि अर्ज तडीस नेणे हे सारे जोशांनी आपल्या शिरावर घेतले. त्यामुळेच लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, आणि घरातल्या पुतण्यांनी हाक मारावी ते नाव साऱ्या पुण्याच्या तोंडी बसले.

१८७२ च्या आरंभी काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत कातावे, त्याचेच जाडेभरडे कापड विणवून घ्यावे आणि तेच अंगावर घालून कोर्टात उभे राहावे, असा तो नेम होता. ज्या व्यवसायात पोशाखावरून माणसाची किंमत होते आणि पक्षकारही वकिलाच्या पागोट्याकडे पाहूनच फी ठरवितो, त्या व्यवसायात हा नेम पाळणे म्हणजे रोजच्या उत्पन्नाशी खेळणे होते, हे वकिली जवळून पाहिलेल्या माणसाला सांगावयास नको. त्यांचे कुटुंबही या व्रतात मागे राहिले नाही. त्या काळी वकिलाचे घर हीच त्याची कचेरी असे. ओसरीवर पक्षकार, साक्षीदार आणि मध्यस्थ यांचा राबता आणि आत चूल, हे दोन संसार एकाच छपराखाली चालत, आणि बाहेरच्या संसाराचा भार आतल्यांना मुकाट्याने उचलावा लागे. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी तो केवळ उचलला नाही, तर स्वतःचा सार्वजनिक संसार उभा केला. त्यांनी स्थापन केलेली ‘स्त्री विचारवती सभा’ आणि जातपात न पाहता सर्व स्त्रियांना एकत्र आणणारे त्यांचे हळदीकुंकू, या दोन गोष्टी त्या काळाच्या मानाने किती धाडसाच्या होत्या याची कल्पना आज येणे कठीण आहे. नवऱ्याच्या कीर्तीच्या छायेत त्यांचे नाव झाकले गेले, याची मला मनापासून खंत वाटते.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस जो दरबार भरला, त्यास सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते याच खादीच्या वेषात. आणि जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत त्यांनी सभेच्या मानपत्रातून, हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी केली. तिकडे दिल्लीत तोफांच्या सलाम्या झडत असता इकडे दख्खन दुष्काळाने होरपळत होते. मदतकामावरील मजुराला दिवसाकाठी जेमतेम एक पौंड धान्य मिळेल इतकी मजुरी सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविली, तेव्हा एवढ्यावर राबणारा माणूस जगूच शकत नाही, हे सभेने अर्जांमागून अर्ज करून सरकारास सुनावले. त्या अर्जांमागे नुसती कळकळ नव्हती. सभेने खेडोपाडी माणसे धाडून पिकांची, जनावरांची आणि माणसांची प्रत्यक्ष स्थिती लिहून आणविली होती. साक्षीपुराव्यावाचून दावा उभा राहत नाही, हे ज्याने कोर्टात रोज अनुभवले आहे, त्याच्याच हातून असे काम होते.

काकांना कोर्टाची बलस्थाने ठाऊक होती, तशी त्याची क्रूरताही ठाऊक होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोचे हित साधण्यासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम असा झाला की, सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहवून घेऊ लागला, आणि समन्स पाहूनच हबकलेला शेतकरी कोर्टात न गेल्यामुळे एकतर्फी हुकूमनामे होऊ लागले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, त्याचे एक मूळ येथे होते. कोर्टाबाहेर पंचांमार्फत तंटे मिटविणारे लवाद कोर्ट पुण्यात १८७६ च्या सुमारास निघाले, त्यात काका पुढे होते. तंट्यावर ज्याची उपजीविका त्यानेच तंटे कमी व्हावेत म्हणून खटपट करावी, यात त्या माणसाचे मोठेपण दिसते.

परंतु वकील म्हणून त्यांची खरी कसोटी १८७९ साली लागली. त्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना हाताशी धरून बंड पुकारले, सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, आणि मे महिन्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्यावर तर पुण्यातील प्रत्येक शिकलेल्या माणसावर संशयाची नजर वळली. रानड्यांसारख्या न्यायाधीशाचीही धुळ्यास बदली झाली आणि तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. जुलैत फडके पकडले गेले व पुण्यास आणण्यात आले. सरकाराविरुद्ध युद्ध मांडल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, त्याच्या बाजूने उभे राहणे म्हणजे आपली सनद, आपले घर आणि आपण नऊ वर्षे वाढविलेली सभा या तिन्हींवर निखारा ठेवून घेणे होते. काकांनी ते वकीलपत्र घेतले. महादेव चिमणाजी आपटे हेही बचावासाठी उभे राहिले. सरकारपक्षाच्या हाती फडक्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेले आत्मचरित्र आणि रोजनिशी होती. आरोपीचा कागद आरोपीविरुद्धच साक्ष देत असता बचावाला फारशी जागा उरत नाही. निकाल जन्मठेप काळ्या पाण्याचा झाला, आणि १८८० च्या आरंभी फडक्यांची एडनला रवानगी झाली.

काकांचा सारा विश्वास अर्जावर, कायद्यावर आणि सनदशीर मार्गावर होता, फडक्यांचा तलवारीवर. अशा पुरुषाचा बचाव करताना काकांनी आपला मार्ग सोडला असे म्हणता येणार नाही. आरोप कितीही भयंकर असो, त्याला उत्तर देणारा एक आवाज कोर्टात उमटलाच पाहिजे, ही त्यांच्या सनदशीरपणाचीच अखेरची आणि सर्वांत महाग पडणारी पायरी होती, असे माझे मत आहे.

२५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी काका वारले. सभा मात्र चालू राहिली. तिची सूत्रे पुढे गोखल्यांनी काही काळ सांभाळली आणि १८९५ साली ती टिळकपक्षाच्या हाती गेली. १८९६ च्या दुष्काळात सभेची माणसे पुन्हा गावोगाव हिंडू लागली, आणि पीक बुडाल्यास सारा तहकूब वा माफ व्हावा असे सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत लिहिले आहे, ते मागणे ही भीक नसून हक्क आहे, असे शेतकऱ्यांना समजावून सांगू लागली. १८९७ साली सरकारने जाहीर केले की, या सभेचे अर्ज यापुढे विचारात घेतले जाणार नाहीत.