मोनालिसाच्या मिशा आणि बाईच्या हातचा झाडू

विडंबन म्हटले की मराठी श्रोत्याला प्रथम कविता आठवते, आणि कवितेबरोबर अत्र्यांची 'झेंडूची फुले'. मूळ कविता ठाऊक नसेल तर विडंबनाची गंमत निम्मी उरते. चित्राचेही तसेच आहे.

आम्ही चित्रकलेच्या शाळेत गेलेलो नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा भरवण्यात गेले. चित्रे पाहिली ती कॅलेंडरांवर आणि वाचनालयातल्या पुस्तकांत. परंतु तासभराच्या भाषणाने जे साधत नाही, ते फाटकावर टांगलेल्या एका व्यंगचित्राने साधते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून हा विषय.

चित्राच्या विडंबनाची पहिली अट अशी की, मूळ चित्र घरोघरी पोचलेले असावे. लिओनार्दोची 'मोनालिसा' १९११ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून चोरीस गेली. चोर निघाला तेथेच पूर्वी काम केलेला एक इटालियन कारागीर! १९१३ साली चित्र सापडेपर्यंत वर्तमानपत्रांनी ते जगभर नेले. पुढे १९१९ साली मार्सेल द्यूशाँ ह्या फ्रेंच कलावंताने मोनालिसाचे एक साधे पोस्टकार्ड घेतले, पेन्सिलीने तिला मिशा व दाढी काढली आणि खाली पाच अक्षरे लिहिली. ती फ्रेंचमध्ये भराभर उच्चारली की चावट वाक्य होते. टर उडाली ती चित्राकडे धड न पाहता माना डोलावणाऱ्या रसिकांची.

दुसरी अट अशी की, सांगाडा तोच ठेवून मोजकेच बदलावे. ग्रँट वुड ह्या अमेरिकन चित्रकाराने १९३० साली 'अमेरिकन गॉथिक' काढले. टोकदार कमानीच्या खिडकीचे लाकडी घर, पुढे गंभीर चेहऱ्याचा शेतकरी, हाती तीन दात्यांचे दाताळे, शेजारी स्त्री. पुष्कळांना ती त्याची बायको वाटते. वुडच्या मनात ती मुलगी होती. चित्रासाठी उभे राहिले होते त्याचे दंतवैद्य आणि त्याची सख्खी बहीण. दोघांची ठेवण इतकी ठसठशीत आहे की दाताळ्याच्या जागी गोल्फची काठी द्या, नाहीतर पुढाऱ्यांची तोंडे बसवा, मूळ चित्र चटकन ओळखू येते. म्हणूनच त्याची विडंबने अगणित झाली.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते : बाण कोणाला लागतो? १९४२ साली गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार वॉशिंग्टनला सरकारी कामावर आला. वर्णभेदापायी तेथे दुकानात व उपाहारगृहात त्याचा अपमान झाला. सरकारी कचेऱ्या झाडणाऱ्या एला वॉटसन ह्या कृष्णवर्णीय बाईंना त्याने राष्ट्रध्वजापुढे उभे केले. दाताळ्याच्या जागी झाडू आणि फरशी पुसण्याचा मॉप. पुढे ह्या छायाचित्राला वुडच्याच चित्राचे नाव मिळाले. हे पाहून हसू ओठांवर येते आणि तेथेच थांबते. त्या बाईंना कोणी हसत नाही. ज्या घरात त्यांना जागा नव्हती, त्या घराला प्रश्न विचारला जातो.

दुबळ्याची टवाळी करायला अक्कल लागत नाही. विडंबनाचे चित्र समोर आले की आधी पोटभर हसावे. मग मूळ चित्रातले काय काढले, त्या जागी काय ठेवले आणि त्यामुळे कोणाची झोप उडाली, एवढे पाहावे. बहुतेक चित्रे ह्या परीक्षेत नापास होतात. पार्क्सचा झाडू पास होतो.