तापाचं औषध देऊन शाळेत?

सकाळी मुलाचं अंग गरम लागतं, सातला रिक्षा येणार, चाचणी परीक्षा तोंडावर. मग पॅरासिटामॉल पाजून स्वारी शाळेत रवाना होते. औषधाने ताप चार-सहा तास उतरतो, विषाणू मात्र अंगातच असतो. मधल्या सुट्टीनंतर अंग पुन्हा तापतं आणि तोवर बाकावरच्या शेजाऱ्यालाही प्रसाद मिळालेला असतो. म्हणून तापाचं औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही, तरच शाळेत पाठवावं. जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवस घरी ठेवणं चांगलं.

कांजिण्यांचा हिशेब वेगळा. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरतो, तो सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. खपल्या गळून पडण्याची वाट पाहायची गरज नसते. शाळेला मात्र लगेच कळवावं. कांजिण्या कधीच न झालेल्या गर्भवती शिक्षिकेला त्यांचा धोका मोठा असतो. गोवरात पुरळ आल्यानंतर चार दिवस, गालगुंडात सूज आल्यानंतर पाच दिवस सुट्टी.

नुसती सर्दी असेल, मूल जेवतंय-खेळतंय, तर खुशाल पाठवावं. नाहीतर पावसाळ्यात वर्ग ओसच पडतील!

खरी अडचण रजेची. दोघंही नोकरीला, रजा बहुधा आईचीच जाते. त्यात काही शाळा शंभर टक्के हजेरीला बक्षीस देतात, म्हणजे तापातही येण्याचं कौतुकच.

मुलाला धाप लागत असेल, लघवी कमी होत असेल किंवा ते मलूल पडलं असेल, तर घरी न थांबता डॉक्टरांकडे न्यावं.