महाबळेश्वरचं पाणी आणि नुंगंबाक्कमचा नळ

चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत एक वाक्य हटकून कानावर पडतं: ‘आमच्या नळाला महाबळेश्वरचं पाणी येतं.’ माहेरचं पाणी म्हणून ते अभिमानाने सांगितलं जातं. पण ते खरं नाही.

चेन्नईला कृष्णेचं पाणी येतं, आणि कृष्णा उगम पावते ती महाबळेश्वरच्या पठारावर, सुमारे 1,300 मीटर उंचीवर. तिथलं पाणी घाट उतरतं आणि वाईच्या वरच, धोम धरणात अडतं. पुढे कर्नाटकात अलमट्टी, नारायणपूर. मग भीमा मिळते, श्रीशैलम धरणाच्या फुगवट्यात तुंगभद्रा मिळते. चेन्नईसाठी पाणी उचललं जातं ते या तीन नद्या एक झाल्यावर, त्याच फुगवट्यावरच्या पोतिरेड्डीपाडूच्या दरवाजांतून. पुढचं सोमशिला धरण तर पेन्नार नदीवरचं! तिथून कंडलेरू, कालव्याने पूंडीचा तलाव, मग शहर. शहरात वीराणम तलावाचं आणि मिंजूर, नेम्मेलीला गोडं केलेलं समुद्राचं पाणीही येतं. यातलं महाबळेश्वरचं पाणी वेगळं काढणार कसं?

‘महाबळेश्वरला धो धो कोसळला, आता चेन्नईची चिंता मिटली,’ हेही तसंच. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण घाटमाथ्याचा हा पट्टा अगदी चिंचोळा आहे. पायथ्याच्या वाईत त्याच्या पाव हिस्साही पडत नाही. आणि कृष्णेला बर्फाचं पाणी मिळत नाही. बेसाल्टवरच्या जांभ्या दगडात मुरलेला पाऊस झऱ्यांनी बाहेर येतो.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडतं, म्हणून पाच नद्या तिथूनच निघतात असं मानतात. श्रद्धेचा मान राखूनही नकाशा पाहावा: त्यांपैकी कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेच्या उताराला लागतात, सावित्री पश्चिमेला महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. कोल्हापूरची पंचगंगा ही तर निराळीच नदी.

मग चेन्नईच्या पाण्यात महाराष्ट्राचं काहीच नाही का? आहे, आणि ते कागदोपत्री आहे. 1976 च्या करारात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी चेन्नईसाठी सोडायचं मान्य केलं. 15 पैकी 3 टीएमसी वाटेतली तूट धरून 12 टीएमसी तमिळनाडूच्या सीमेवर द्यायचं, असं 1983 मध्ये ठरलं. नुंगंबाक्कमच्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावा तो हा 5 टीएमसीचा वाटा. ते पाणी पहिल्यांदा पूंडीकडे आलं 1996 साली, करारानंतर वीस वर्षांनी.