बुलेटचा श्वास

जुनी बुलेट जिथे रात्रभर उभी असते, तिथल्या फरशीवर तेलाचे काळे डाग बहुधा दिसतात. ‘बुलेट आहे, गळणारच’ असे म्हणून लोक सोडून देतात. पण हेच तेल मागच्या चाकावर उडाले आणि अंधेरी-कुर्ला रस्ता पावसाने ओला असला, तर गाडी घसरायला वेळ लागत नाही. या गळतीचे एक कारण वायूच्या दाबात आहे.

सिलिंडरात दट्ट्याच्या वर पेट्रोल जळते. खाली क्रँककेस नावाची बंद पेटी असते. तीत तेल आणि हवा असते. बिडाचे सिलिंडर असलेल्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार करा : दट्ट्या खाली येताना ३४६ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर हे एक-शतांश सेकंदात घडते. एवढी हवा १२ मिलिमीटरच्या नळीतून तेवढ्या वेळात घालवायची, तर तिला सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेग हवा. हा जवळजवळ ध्वनीचा वेग झाला! शिवाय दट्ट्याच्या कड्यांशेजारून जळका वायू खाली झिरपतो, तो वेगळाच.

यावरची युक्ती मला फार आवडते. ब्रीदर नळीला बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप बसवतात. दट्ट्या खाली येताना चोच उघडते, वर जाताना मिटते. थोड्याच फेऱ्यांत आतला सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग नळीतून मुख्यतः झिरपलेला वायूच बाहेर पडतो, आणि तेलाला सांध्यांतून ढकलणारे कोणी उरत नाही.

कालांतराने रबर कडक होते व चोच मिटत नाही. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, इंजिन थंड असताना, झडप काढून पुसा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. ती एकाच बाजूने जायला हवी. दोन्हीकडून गेली तर झडप बदला. नळी कुठे मुडपलेली नाही ना, हेही पाहा. नळीचे टोक ६ सेंटिमीटर रुंदीच्या बाटलीत सोडले, तर वायूचा वेग पंचविसाव्या हिश्शावर येतो आणि तेलाचे थेंब तळाशी बसतात. बाटलीला वर भोक मात्र हवेच. ते बुजले तर सगळा खटाटोप उलटा होतो.

हे प्रयोग राजदूत किंवा येझदीवर करू नका. त्या जुन्या दोन-धावी इंजिनांत क्रँककेस हाच मिश्रणाचा पंप असतो. नव्या गाड्यांत हा वायू एअर फिल्टरच्या पेटीमार्गे पुन्हा इंजिनात जाळतात, कारण त्यात न जळलेले पेट्रोल असते. ती नळीही काढू नये.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले थोडे क्रँककेसमध्ये उतरते. पावसाळ्यात रोज घर ते स्टेशन एवढीच गाडी चालवली, तर इंजिन पुरते तापत नाही आणि ही वाफ बाहेर न जाता तेलात मिसळते. तेल दुधाळ दिसले, तर ते बदलावे आणि अधूनमधून गाडी अर्धा तास सलग चालवावी.