दुखऱ्या कमरेला चिनी सुई

घाटंजी तालुक्यात कापूस वेचणी सुरू झाली की दिवसभर वाकून कमरा धरतात. मग कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर सुचवतं.

चिनी वैद्यकाच्या मते ‘ची’ ही प्राणशक्ती शरीरातल्या ठरावीक वाहिन्यांतून वाहते. ती अडली की दुखणं येतं. म्हणून वाहिन्यांवरच्या बिंदूंत साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आत औषध नसलेली सुई टोचतात. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधोमध असलेला बिंदू मळमळीसाठी वापरतात.

ही विद्या भारतात कशी आली? जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला 1938 साली भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आपल्या विदर्भातले, नागपूरचे चोळकरही होते. याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती रुजवली.

गुण येतो का? या वाहिन्या शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत. जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 साली आले. अ‍ॅक्युपंक्चरने सुमारे 48 टक्क्यांना आराम पडला, नेहमीच्या उपचारांनी 27 टक्क्यांना. पण बिंदू सोडून, वरवर सुया टोचलेल्यांपैकीही 44 टक्क्यांना बरं वाटलं! म्हणजे आराम खरा. बिंदूंचं महत्त्व मात्र सिद्ध झालेलं नाही.

सुया टोचून घ्यायच्याच असतील तर नोंदणीकृत उपचारकाकडे जा, पाकीट समोर फोडायला लावा. पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर सुईच्या नादी न लागता तातडीने सरकारी दवाखाना गाठा.