धावणे थांबल्यावर लागणारी धाप

१९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डीमाँट या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ४०० मीटर पोहण्याची शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली. पण तपासणीत त्याच्या शरीरात इफेड्रिन हे बंदी असलेले उत्तेजक सापडले आणि सुवर्णपदक काढून घेण्यात आले. इफेड्रिन त्याच्या दम्याच्या औषधातले होते. ते औषध आपण घेतो, हे त्याने संघाला आधीच लिहून दिले होते. पुढच्याच वर्षी, बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत, हे अंतर चार मिनिटांच्या आत पोहणारा तो जगातला पहिला जलतरणपटू ठरला.

दमा असताना हे जमते, तर मग व्यायामाने दमा उसळतो तो का?

स्वस्थ बसलेले असताना आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोराच्या व्यायामात खेळाडूला १०० लिटरहून अधिक लागते. एरवी नाक हवेला ऊब आणि ओलावा देते. धावताना मात्र आपण तोंडाने श्वास घेतो आणि कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते. तेथील अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर सुकू लागतो, उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते. याने चेतवलेल्या पेशी हिस्टामीन, ल्युकोट्राईन अशी द्रव्ये सोडतात. नलिकांभोवतीचे स्नायू आक्रसतात आणि वाट अरुंद होते. थंड, कोरड्या हवेत हा त्रास अधिक होतो. तलावावरच्या दमट हवेत बहुधा कमी.

नेहमीची धाप थांबल्यावर लवकर ओसरते. ही धाप थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी सर्वाधिक होते. सोबत खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, शिट्टीसारखा आवाज असतो. अर्ध्या ते एका तासात ती बहुधा आपोआप उतरते.

शर्यतीनंतर खोकत बसलेल्या मुलाला म्हणूनच आळशी ठरवू नये. खेळातून कायमची सूटही देऊ नये. त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. आधी दहा-पंधरा मिनिटे थांबत थांबत धावून अंग गरम केले, तर अनेकांना पुढे तास-दोन तास त्रास कमी होतो. डॉक्टरांनी पंप दिला असेल, तर तो कपाटात न ठेवता मैदानावर मुलाजवळच असावा. आज सालब्युटामॉलचा पंप ठरावीक मर्यादेत ऑलिंपिकमध्येही चालतो. पंप घेऊनही धाप वाढत गेली, बोलता येईना, तर मुलाला ताठ बसवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे.